घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच कॅलेंडर

इंदूरच्या मराठी घरात दोन पंचांगं नांदतात. अहिल्योत्सवाची, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीची, तिथी आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण वद्य चतुर्दशी असते, शेजारच्या हिंदी कॅलेंडरात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस मात्र एकच. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात नावं बदलतात. लोकमान्य नगरातल्या आईला हे सांगावं लागत नाही. पण पुण्याला नोकरीला गेलेल्या भाचीचा दरवर्षी फोन येतो, "मामा, आजोबांचं श्राद्ध नक्की कधी?" तिला तिथी नको असते, तारीख हवी असते, आणि ती वेळेवर हवी असते. त्यासाठी घरच्या सगळ्यांनी गूगल कॅलेंडरवर एक सामाईक कॅलेंडर ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे ते असं केलं.

आधी वेगळं कॅलेंडर काढा

ही पायरी गाळू नका. पहिल्या वर्षी मी सणवारांची भलीमोठी फाइल थेट माझ्या रोजच्या कॅलेंडरात इंपोर्ट केली. निम्म्या तारखा चुकीच्या पडल्या. इंपोर्ट केलेलं एका झटक्यात मागे घेता येत नाही, त्यामुळे दोन संध्याकाळ बसून एकेक नोंद काढली. वेगळं कॅलेंडर असतं तर तेवढंच डिलीट करून मोकळा झालो असतो.

हे काम अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका, ब्राउझरमध्येच करा. फोनवर क्रोम उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून 'डेस्कटॉप साइट' चालू करा आणि पत्त्याच्या जागी 'कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम' इंग्रजीत टाइप करा. अक्षरं बारीक दिसतात, चिमटीने मोठी करावी लागतात. घरात लॅपटॉप असेल तर तोच घ्या. डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'शेजारी अधिकचं चिन्ह आहे, तिथून 'क्रिएट न्यू कॅलेंडर'. नाव सुटसुटीत ठेवा, आमचं नुसतं 'घरचं' आहे. टाइम झोन भारताचा आहे ना, तेवढं बघा. तो चुकला तर दुसऱ्या फाइलमधून आलेल्या वेळा साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसू शकतात.

कोणाला किती हक्क द्यायचा

नव्या कॅलेंडरच्या नावापुढचे तीन ठिपके, मग 'सेटिंग्ज अँड शेअरिंग'. तिथे ठरावीक माणसांना जोडायची जागा आहे. 'अ‍ॅड पीपल'वर एकेकाचा जीमेल पत्ता घाला. हक्क चार प्रकारचे असतात. फक्त वेळ रिकामी आहे की नाही ते दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं आणि चौथा म्हणजे इतरांना जोडण्या-काढण्याचा अधिकारही मिळणं. आईला आणि भाचीला मी तपशील बघण्यापुरता हक्क दिला, कारण चुकून बोट लागून नोंद पुसली गेली तर ती सगळ्यांकडून जाते. वहिनींना मात्र बदल करू द्यायलाच हवा. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचे प्रयोग सभासदांच्या समूहांप्रमाणे वेगवेगळ्या वेळी असतात आणि आपला समूह कोणत्या वेळचा, हे त्यांनाच ठाऊक असतं.

'पब्लिक' करायचा पर्याय त्याच पानावर दिसतो. घरच्या कॅलेंडरसाठी त्याला हात लावू नका. आपण गावाला कधी जाणार, घर कधी बंद असणार, हे सगळं त्यात असतं.

समोरच्याला ईमेल जातं. ते नुसतं वाचून चालत नाही, त्यातल्या लिंकवर टॅप करून कॅलेंडर आपल्या यादीत घ्यावं लागतं. निम्मी घरं इथेच अडतात. मग अ‍ॅपमध्ये डावीकडच्या तीन रेघा उघडून 'घरचं'पुढे खूण आहे का ते बघायचं. नावच दिसत नसेल तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरचं सिंक चालू करायचं.

वर्षाच्या तिथी एकदम घालायच्या तर

श्राद्ध, महालक्ष्मी, तिथीने येणारे वाढदिवस यांना 'दरवर्षी' असं रिपीट लावू नका. तिथी पुढच्या वर्षी 10-11 दिवस अलीकडे येते आणि मध्ये अधिक महिना पडला तर 18-19 दिवस पलीकडे जाते. पंचांग घेऊन वर्षातून एकदा यादीच करावी.

गूगल शीट्समध्ये दोन रकाने पुरतात. पहिल्या ओळीत 'सब्जेक्ट' आणि 'स्टार्ट डेट' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, खाली नोंदी मराठीत चालतात. वेळ दिली नाही की नोंद दिवसभराची होते. तारखेत महिना आधी, मग दिवस. माझ्या निम्म्या तारखा चुकल्या त्या इथेच: 8 सप्टेंबर म्हणून मी 08/09 लिहिलं आणि ते 9 ऑगस्टला जाऊन बसलं. 12 च्या पुढचे दिवस असलेल्या ओळी तर धड आल्याच नाहीत. फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, उतरवून घ्या. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, शीट्समध्ये तो त्रास नाही.

मग ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, 'इंपोर्ट अँड एक्स्पोर्ट', फाइल निवडा आणि खाली कोणत्या कॅलेंडरात टाकायची तिथे 'घरचं' निवडा. आपोआप मुख्य कॅलेंडर निवडलेलं असतं, ते बदलल्याशिवाय बटण दाबू नका.

कुणी आयसीएस फाइल, म्हणजे दुसऱ्या कॅलेंडरातून काढलेल्या नोंदींची फाइल, पाठवली तर तीही याच वाटेने आत येते. पण इंपोर्ट म्हणजे त्या दिवशीची झेरॉक्स. मूळ कॅलेंडरात पुढे बदल झाला तर तुमच्याकडे जुनंच राहतं. बदल येत राहावेत असं वाटत असेल तर फाइलऐवजी त्या कॅलेंडरची लिंक मागा आणि 'अदर कॅलेंडर्स'मधून 'फ्रॉम यूआरएल' वापरा. तिथेही बदल दिसायला 12 तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे आजच्या आज बदललेली वेळ फोन करूनच कळवावी.

आयफोनवाले

सोपं म्हणजे गूगल कॅलेंडरचं अ‍ॅप घेणं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या कॅलेंडरात बघायचं असेल तर सेटिंग्जमधून गूगलचं खातं जोडा. नुसत्या लिंकसाठी कॅलेंडर अ‍ॅपमध्ये खाली 'कॅलेंडर्स', 'अ‍ॅड कॅलेंडर', मग सबस्क्रिप्शनचा पर्याय.

आता आठवणीचं. कॅलेंडर शेअर झालं म्हणून तुमची घंटी दुसऱ्याच्या फोनवर वाजत नाही. नोटिफिकेशन ज्याचं त्याला लावावं लागतं. आईच्या फोनवर मी स्वतः बसून 'घरचं'साठी आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ची वेळ लावली, म्हणजे दूध, फुलं, केळीची पानं आणायला वेळ मिळतो. नंतर उद्याच्या तारखेला 'तपासणी' नावाची एक नोंद घातली आणि पाचनंतर एकेकाला फोन करून विचारलं, "वाजलं का?" भाचीचं वाजलं नव्हतं. तिने ईमेल वाचलं होतं, लिंक उघडली नव्हती.