कांतुच्ची, कन्नोली आणि गोड वाईन: या चुका टाळा

जेवण आटोपलं, गोड आलं, म्हणून बाटलीत उरलेली रेड वाईनच पुढे ओढायची. ही चूक मी कितीतरी वर्षं केली. कियांती चांगली होती, कांतुच्चीही चांगली होती. पण बिस्किटाचा घास खाऊन घोट घेतला की तीच वाईन आंबट-तुरट लागायची. जिलबीवर चहा प्यायलो की चहा अगोड लागतो, तसंच हे. वाईन निदान पदार्थाइतकी तरी गोड हवी. इटलीत बहुतेक प्रांतांत मिठाईच्या जोडीला तिथलीच गोड वाईन असते, ती शोधावी.

टस्कनीत कांतुच्चीची जोडी विन सांतोशी. प्रातो गावात आंतोनियो मात्तेई यांनी १८५८ मध्ये सुरू केलेलं दुकान आजही निळ्या कागदाच्या पुड्यांत ही बिस्किटं विकतं. जुन्या प्रातो पद्धतीत लोणी नसतं: मैदा, साखर, अंडी आणि सालासकट अख्खे बदाम. 'फारच कडक झाली' म्हणून लोणी वाढवू नका. ती कडकच हवीत, बुडवून खायची असतात, चहातल्या टोस्टसारखी. बिघडतं ते कापताना. लांबट वळकटी ओव्हनमधून काढल्या काढल्या सुरी चालवली तर चुरा होतो, पूर्ण गार झाल्यावर कापली तर बदामापाशी तडकते. दहाएक मिनिटं थांबा, करवती सुरीने तिरके काप करा आणि पुन्हा भाजा.

विन सांतोसाठी द्राक्षं चटयांवर किंवा आढ्याला टांगून काही महिने सुकवतात आणि रस छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. ती स्वस्त कशी असेल? लेबलवर 'लिकोरोझो' दिसलं तर त्यात वरून मद्यार्क घातलेला आहे असं समजा. बिस्किट बुडवायला ती चालेल. खरी महागडी विन सांतो मात्र नुसतीच प्यावी. तळाशी चुरा साचवून तिचं वाटोळं करू नये, असं माझं मत.

आता सिसिलीचे कन्नोली, म्हणजे गोड सारण भरलेल्या तळलेल्या नळ्या. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, आणि करंजी जमणाऱ्याला ते पटकन कळतात. नळी तळल्यावर तिच्यावर फोड आले पाहिजेत. आले नाहीत तर पारी जाड राहिली किंवा तेल पुरेसं तापलं नव्हतं. पारी धातूच्या नळीवर गुंडाळून कडेला अंड्याचा पांढरा बलक लावतात. तो थेंबभर जरी धातूला लागला तरी नळी सुटत नाही, ओढाताणीत पारीच मोडते.

सारणाला मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता (मऊ, ताजं चीज) लागतो. पनीर कुस्करून ती चव येत नाही. रिकोत्ता चक्क्यासारखा फडक्यात बांधून रात्रभर टांगा, साखर त्यानंतरच घाला, मग चाळणीतून घोटून काढा. घाई केलीत तर साखरेने पाणी सुटून सारण ओघळतं. आणि नळ्या भरायच्या त्या खायच्या वेळीच! तासाभरापूर्वी भरलेली नळी म्हणजे मऊ पडलेला चिवडा. एकदा मी सकाळीच भरून ठेवल्या होत्या; संध्याकाळी पाहुण्यांनी त्या चमच्याने खाल्ल्या.

पारीत मार्साला पडते (मसाला नव्हे, वाईन). मिठाईसोबत प्यायची तर लेबलवर 'दोल्चे' (गोड) बघून घ्या, 'सेक्को' (अगोड) नको. पांतेल्लेरिया बेटावरची, सुकवलेल्या झिबिब्बो द्राक्षांची गोड वाईन पासितो मिळाली तर त्याहून छान.

मिलानच्या पानेत्तोनेचं, म्हणजे नाताळातल्या गोड पावाचं, थोडक्यात सांगते. खरेदी करताना घटकांत लोणी आहे ना ते पाहा. इटलीच्या नियमाप्रमाणे ते किमान १६ टक्के लागतं. सोबत कोरडी (म्हणजे अगोड) स्पार्कलिंग वाईन उघडायची पद्धत पडली आहे, पण ती आंबट लागते. पिएमोंतेची मोस्कातो दास्ती घ्या. तिच्यात मद्यार्क जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ती चांगली गार हवी. उघडली की त्याच दिवशी संपवा, बुडबुडे गेले की ते नुसतं सरबत उरतं. मार्सालाची बाटली मात्र बूच घट्ट लावून काही आठवडे ठेवता येते.