फुटणार नाही असं पिझ्झा पॉकेट: ओव्हनमध्ये किंवा मिठाच्या कढईत

पिझ्झा पॉकेट म्हणजे दुमडून कडा बंद केलेला पिझ्झा. इटलीत नेपल्सकडे त्याला काल्झोने म्हणतात. आपल्या डोळ्यांना मात्र तो थेट कानवल्यासारखा दिसतो, आणि खरं तर करायचाही तसाच असतो.

आमच्या लातूरच्या घरी मी पहिल्यांदा केले तेव्हा सहापैकी चार फुटले. चीज ताटलीवर वाहून करपलं, आत नुसता ओला मैदा उरला. सासूबाईंनी एक उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "काठाला सारण लागलंय बघ. वलं लागलं की मुरड धरत न्हाई, पोरी." पुढे जे काही शिकले ते या एका वाक्यातून. पॉकेट फुटतं ते पाण्यामुळे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते, आणि कडेला जिथे कच्चं असेल तिथून वाट काढते. म्हणून सारण कोरडं, सारण गार आणि काठ स्वच्छ, एवढं सांभाळायचं.

आधी पीठ

सहा पॉकेटांना २५० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, १ छोटा चमचा साखर, पाऊण छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल आणि साधारण १५० मिलिलिटर पाणी लागतं. सगळं एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल, पण वरून मैदा भुरभुरू नका. ८-१० मिनिटं नेटाने मळलं की ते आपोआप गुळगुळीत होतं. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू वर आला की मळणं पुरे.

यीस्टची पुस्तकी वेळ आपल्या हवेत चालत नाही. कृतीत 'कोमट पाणी, एक तास' लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. तेव्हा मी पाणी माठातलं गार घेते आणि अर्ध्या तासानंतर पिठावर लक्ष ठेवते. दुप्पट झालं की लगेच घ्यायचं, नाहीतर आंबूस वास येतो आणि लाटताना पीठ फाटतं. डिसेंबर-जानेवारीत उलट. पाणी बोटाला सुखाचं वाटेल इतकंच कोमट घ्यायचं (कढत पाण्यात यीस्ट मरतं), पातेलं झाकून बंद कपाटात ठेवायचं आणि दीड तास थांबायचं. घड्याळापेक्षा पिठाचा आकार बघा.

अर्धी कणीक, अर्धा मैदा घेतला तरी चालतं, पाणी दोन-तीन चमचे जास्त लागतं. घरात ज्वारी असते म्हणून ज्वारीचं पीठ घालावंसं वाटतं, पण त्यात ताणून धरणारं ग्लुटेन नसतं. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. नुसत्या ज्वारीचं पॉकेट दुमडतानाच तडकतं. चव हवी असेल तर मैद्यातले दोन-तीन चमचे काढून तेवढंच घाला.

सारण

सॉससाठी ४ लाल टोमॅटो उकडून, सालं काढून वाटा. तेलात ठेचलेला लसूण परतून त्यात टोमॅटो घाला, मीठ, तिखट, चिमूटभर साखर आणि ऑरेगॅनो घालून आटवा. कढईच्या तळाशी चमचा ओढला की वाट तशीच राहायला हवी. रस परत भरून आला तर अजून आटवा. बाजारचा सॉस वापरत असाल तर तोही दोन मिनिटं आटवून घ्या.

एक कांदा आणि एक ढोबळी मिरची बारीक चिरून मोठ्या आचेवर पटपट परता. मीठ गॅस बंद करताना. आधी घातलं तर भाजी पाणी सोडते. मग १०० ग्रॅम पनीरचे बारीक तुकडे आणि अर्धी वाटी मक्याचे दाणे, चांगले निथळून.

थंडीत मात्र मक्याऐवजी हुरडा घालून बघा. आगटीत भाजलेला कोवळा हुरडा पाणी सोडत नाही, चावताना गोडसर लागतो आणि चीजबरोबर इतका जमतो की आमच्या मुलांना आता मक्याचं पॉकेट आवडत नाही. हुरडा घातला तर ऑरेगॅनो कमी करून वर चिमूटभर लसणाची चटणी टाका.

सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारणाने चीज आधीच वितळू लागतं आणि पारी ओली होते. चीज शेवटी घालायचं, फ्रीजमधून काढून लगेच. मोझरेला तार धरतो, डब्यातलं प्रोसेस्ड चीज खारट चव देतं. मी दोन्ही मिळून १२० ग्रॅम घेते, मोझरेला जास्त.

भरणं आणि मुरड

पिठाचे सहा गोळे करून १० मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे लाटताना मागे आखडत नाहीत. साधारण ६ इंचांची, पोळीपेक्षा जाड पारी लाटा. अर्ध्या भागात सॉस लावा, पण काठाचं बोटभर अंतर कोरडं ठेवून. त्यावर दोन मोठे चमचे सारण आणि चीज. जास्त भरायचा मोह होतो, तो आवरा.

काठाला बोटाने पाण्याची पुसट रेघ ओढा. इथे पाणी हवं, तेल नको, तेलाने काठ सुटतो. दुमडताना आतली हवा हलकेच बाहेर काढा, कडा दाबा आणि मग करंजीला घालतो तशी मुरड घाला. काट्याने दाबलेली कडा दिसायला छान, पण मुरडीत पीठ दोन पदरी होतं आणि चांगलं धरून राहतं. शेवटी वर सुरीने दोन छोट्या चिरा द्या, वाफेला तेवढी वाट लागते.

भाजणं

ओव्हन २०० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा. पॉकेटांना दुधाचा हात लावून १५ ते १८ मिनिटं भाजा, रंग सोनेरी येईपर्यंत.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या. नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवू नये. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं. मग तेल लावलेल्या ताटलीत दोन-तीनच पॉकेटं, एकमेकांना न चिकटणारी, आणि मंद-मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं. सारखं झाकण उघडू नका. कढईत वरून आच नसते, त्यामुळे वरची बाजू फिकीच राहते. शिजल्यावर तव्यावर थोडं लोणी टाकून ती बाजू मिनिटभर शेकली की झालं. मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच भाजायला वापरता येतं.

तळायचेही असतात. इटलीच्या दक्षिणेला पुल्या भागात पँझेरोत्ती नावाची अशीच छोटी पॉकेटं तळतातच. पण मुरड पक्की बसल्याशिवाय तळू नका. चीज गळून गरम तेलात पडलं की तेल अंगावर उडतं.

भाजल्यावर पॉकेट चाळणीवर किंवा जाळीवर काढा आणि पाच मिनिटं थांबा, आतलं चीज तोंड पोळवतं. डब्यात द्यायचं असेल तर पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने खालची बाजू चिकट होते. जास्तीची करायची असतील तर ८-१० मिनिटं अर्धवट भाजा, गार करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. फ्रीजरमधून काढलेलं पॉकेट न वितळवता थेट गरम ओव्हनमध्ये किंवा तापलेल्या कढईत ठेवायचं, वेळ पाच-सात मिनिटं जास्त लागते.