घरात आजारी माणूस आणि दारात गौरी-गणपती: या चुका टाळा

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी दीड वाजता आमचे अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले ते थांबलेच. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागे मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन, पुढे हॉलमध्ये चौदा माणसं आणि सगळ्यांचा एकच गजर, "चला अण्णा, चला चला!" अशा वेळी जितकी घाई करावी तितका माणूस जास्त अडकतो. शेवटी डबा खाली ठेवला, त्यांच्या पावलापुढे माझं पाऊल आडवं टाकलं आणि म्हटलं, "ह्याच्यावरून पाय टाका." टाकला. ओलांडायला समोर काही दिसलं की पाय सुटतो, ही युक्ती अण्णांना सांभाळणाऱ्या आमच्या बाईंनी मला शिकवलेली. त्या तेव्हा गावी होत्या.

रात्री भांडी आवरताना लक्षात आलं, साडेबाराची गोळी राहिली होती. आरती लांबली म्हणून.

नैवेद्य झाल्यावर गोळी देऊ

सणात घरातलं घड्याळ आरतीवर चालतं, औषधाचं तसं चालत नाही. पार्किन्सन्सची लिव्होडोपा ही गोळी अर्धा-पाऊण तास उशिरा गेली तरी काही रुग्णांचं अंग आखडतं. शिवाय डाळ, दूध, पनीर यांच्याबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही, म्हणून बहुतेकांना जेवणाआधी अर्धा तास सांगितलेली असते. आता मोबाइलचा गजर झाला की मी आरती चालू असतानाच उठते. टाळ दुसऱ्याच्या हातात देते. कोणाला खटकलं तर खटकू दे.

इन्सुलिनची गोष्ट उलटी आणि जास्त धोक्याची. "पानं वाढताहेत" ऐकून इंजेक्शन द्यायचं आणि नंतर मंत्रपुष्पांजली, प्रसाद, फोटो यात तास घालवायचा, ही चूक घरोघरी होते. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण नक्की कधी सुरू होणार हे कळल्यावरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने द्या. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि फ्रिज उघडून बघा. हार, दूर्वा, पंचामृत, खवा यांच्या गर्दीत कोणीतरी इन्सुलिन उचलून बर्फाच्या कप्प्यात सरकवलेलं असतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

बाई चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात रजा मागतात

मागतात तेव्हा, ठरवतात फार आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे आषाढात त्यांचं तिकीट निघालेलं असतं. आपण विचारत नाही, त्या सांगायला बिचकतात. मुंबईत घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या कितीतरी बायका रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आहेत, त्यांच्याही घरी गणपती येतो. आम्ही यंदा आषाढ लागताच विचारलं. कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बदली बाई मागवताना त्या दिवसापासून न मागवता दोन दिवस आधी मागवा, दोघी एकत्र काम करतील. पैसे जास्त जातात, पण अण्णांना कुशीवर कसं वळवायचं, कुठला खांदा दुखतो, हे कागदावर लिहून कळत नाही.

"नको, होईल माझं मी"

ही माझी चूक. जाऊबाई फोनवर म्हणतात, "काही लागलं तर सांग हं." मी म्हणते, "नाही गं, होईल." मग रात्री अकराला ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालते. "काही लागलं तर" या वाक्याला तारीख आणि वेळ चिकटवली की ते कामाला येतं. यंदा नणंदेला म्हटलं, "ताई, तुम्ही पहिल्या दिवशी तीन ते सहा अण्णांजवळ बसायचं. चार वाजता गोळी, नंतर चहा, तो दाट करायचा कारण ठसका लागतो." दिराकडे औषधांचं काम, पंधरा दिवसांचा साठा भरून ठेवायचा. पुण्याचा भाचा लांबून काय करणार? त्याच्याकडे मोदकांचे पैसे. वाईट वाटलं नाही कोणाला. काय करायचं ते कळलं म्हणून बरंच वाटलं असावं.

"आपल्याकडे सात दिवसच असतात"

प्रथा मोडायची नाही, या एका वाक्यावर बायकांच्या कमरा मोडल्यात. २०२० साली कोरोनामुळे सरकारने घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली होती, लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच न बसवता आरोग्योत्सव केला. बाप्पा रागावला नाही. आम्ही सातावरून दीड दिवसावर आलो. मात्र हे मूर्ती बुक करण्याआधी, सगळ्यांना बसवून ठरवा. ऐनवेळी सांगितलंत तर सगळा दोष सुनेवर येतो, हे लिहून घ्या.

पाहुण्यांना वेळ न सांगणं

"कधीही या" म्हटलं की लोक कधीही येतात. आम्ही संध्याकाळी पाच ते सात सांगतो, अण्णांच्या खोलीत एका वेळी दोघंच. स्मृतिभ्रंशाच्या माणसासमोर उभं राहून "ओळखलंत का मला?" विचारणाऱ्यांना दारातच समजवा. आपलं नाव आणि नातं आपणच सांगावं. परीक्षा घेऊ नये.

अनंत चतुर्दशीला डॉक्टरांची वेळ

गिरगाव, लालबाग, परळ भागात त्या दिवशी रस्ते बंद असतात. डायलिसिसची पाळी त्या दिवशी येत असेल तर सेंटरशी आधीच बोला. पाळी स्वतःहून चुकवू नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सणातले काही दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देतं, तेव्हा ते दिवस बघून मगच ११२ ला तक्रार करा. त्याआधी मंडळाच्या पोरांशी बोलून बघा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी स्पीकरचं तोंड फिरवलं. खिडकी थरथरायची थांबली.

दिवाळीचं थोडक्यात: दम्याचा माणूस असेल तर संध्याकाळी खिडक्या बंद, इन्हेलर भरलेला आणि हाताशी.

आपण ठीक आहोत असं धरून चालणं

अण्णांवर मी एकदा ओरडले होते. चमचा पडला, एवढंच झालं होतं. ते काही बोलले नाहीत, चमचा शोधत राहिले. झोप उडणं, चमच्यावरून आवाज चढणं, कोणाचा फोन आला तरी नकोसा वाटणं, हे आठवडाभर चाललं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७.

यंदा ताई तीन ते सहा बसतील तेव्हा मी झोपणार आहे. नवऱ्याला सांगून ठेवलंय, मी ओट्यापाशी दिसले तर हाताला धरून आतल्या खोलीत नेऊन सोड.