आफ्टर-स्कूल क्लबची फी भरताना या चुका टाळा (इंग्लंडमधील पालकांसाठी)

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा साधारण सव्वातीनच्या सुमारास सुटते आणि ऑफिस मात्र पाच-साडेपाचला, त्यामुळे आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर सकाळी ब्रेकफास्ट क्लब आणि दुपारी आफ्टर-स्कूल क्लब लावावाच लागतो. या खर्चासाठी ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ खाते उघडता येते, ज्यात तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ पौंडांची भर घालते. पात्र असूनही व्यवहारातील चुकांपायी ही रक्कम हातची घालवणे परवडणारे नाही.

अर्जाआधी व्हिसा नीट वाचावा. आई-वडील दोघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (म्हणजे सरकारी मदतनिधीचा लाभ घेता येणार नाही) ही अट असेल, तर हे खाते मिळत नाही. दोघांपैकी एकाचेही समायोजित निव्वळ उत्पन्न (पेन्शनसारख्या ठराविक वजावटी वगळून उरणारे करपात्र उत्पन्न) वर्षाला १ लाख पौंडांच्या वर गेले, तर दोघांचाही हक्क जातो. बोनस आणि ब्रिटनमध्ये करपात्र ठरणारे पुण्यातल्या फ्लॅटचे भाडेही या उत्पन्नात धरले जाते, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शाळेच्या ॲपवर थेट डेबिट कार्डाने फी भरणे. तशा भरलेल्या पैशांवर सरकारी भर मिळत नाही. पैसे टॅक्स-फ्री चाइल्डकेअर खात्यातूनच गेले पाहिजेत. त्यासाठी क्लब ऑफस्टेडकडे (शाळा आणि बालसंगोपन सेवांची तपासणी करणारी सरकारी संस्था) नोंदलेला किंवा शाळेने स्वतः चालवलेला असावा आणि त्याने या योजनेतही नाव नोंदवलेले असावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनी नातवंडांना सांभाळले, तर त्यांना या खात्यातून पैसे देता येत नाहीत.

पैसे गेले, पण क्लब म्हणतो मिळाले नाहीत, अशी तक्रार उद्भवली तर आधी संदर्भ क्रमांक तपासावा. क्लबच्या बँक खात्यात पालकांचे नाव दिसत नाही, तर ‘टीएफसी’ (TFC) या अक्षरांनी संपणारा मुलाचा कोड दिसतो. तो कोड पहिल्याच महिन्यात क्लबला लेखी कळवावा आणि फी देय तारखेच्या काही दिवस आधीच पाठवावी.

भर जमा होत नसेल तर त्याची कारणे बहुधा दोनच असतात. एक म्हणजे दर तीन महिन्यांनी करायची पात्रतेची पुनर्पुष्टी राहून गेलेली असते. दुसरे म्हणजे त्या तिमाहीची मर्यादा संपलेली असते: एका मुलामागे तिमाहीला ५०० पौंड, म्हणजे तुमच्या २,००० पौंडांपर्यंतच भर मिळते (अपंगत्व असलेल्या मुलासाठी ही मर्यादा दुप्पट आहे). शिल्लक राहिलेली मर्यादा पुढच्या तिमाहीत नेता येत नाही, मात्र खात्यात जमा झालेले पैसे तसेच राहतात. म्हणून शाळा सुरू असताना, जेव्हा मासिक फी कमी असते, तेव्हाच थोडे जास्त पैसे भरून ठेवावेत आणि उन्हाळी सुट्टीतील हॉलिडे क्लबसाठी ते वापरावेत. ऑगस्टमध्ये एकदम मोठी रक्कम भरणाऱ्यांचे त्यातले मर्यादेबाहेरचे पैसे भरीविना राहतात.

मुलाच्या ११व्या वाढदिवसानंतर येणाऱ्या १ सप्टेंबरला हा हक्क संपतो, तेव्हा इयर ६ मध्येच (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात) उरलेली तिमाही मर्यादा वापरून घ्यावी.