भक्ष्यात साथ आली, तर शिकाऱ्याची विष्ठा कशी वाचायची

नवे विद्यार्थी विष्ठेच्या पिशव्या घेऊन आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जिवंत रानडुकरं किती दिसली, आणि चालत कशी होती? विष्ठेत डुकराचे केस वाढले म्हणजे रानात डुकरं वाढली, असा हिशोब मांडून ते मोकळे होतात. साथीत हा हिशोब साफ उलटा पडू शकतो. आजारी जनावर कळपामागे रेंगाळतं, उशिरा बुजतं आणि आयतंच तोंडी लागतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत प्यूमा या मोठ्या रानमांजरांनी मारलेल्या म्यूल हरणांमध्ये सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाचं प्रमाण बंदुकीने टिपलेल्या हरणांपेक्षा जास्त निघालं. म्हणून विष्ठा गोळा करायची ती महिनावार, आणि त्याच वाटांवर जिवंत भक्ष्याची मोजणीही चालू ठेवायची. एकाच फेरीतल्या नमुन्यांवरून साथीबद्दल बोलूच नये.

हातमोजे आणि मास्क हवेतच. लांडग्या-कोल्ह्यांच्या विष्ठेत एकायनोकॉकस या पट्टकृमीची अंडी असू शकतात आणि घरच्या फ्रीजरच्या उणे 20 अंशांत ती मरत नाहीत. नमुने उणे 80 अंशांवर आठवडाभर ठेवून मगच उघडावेत.

मग बारीक चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवायचं. केस, दात, खुरांचे तुकडे वर राहतात. प्रत्येक नमुन्यातून किमान वीस केस उचला; ठळक दिसतात तेवढेच उचलण्याचा मोह आवरा. डुकराचा राठ केस टोकाला फाटलेला असतो, तो भिंगाखालीही कळतो. हरणाचा केस वाकवला की कटकन मोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा गाभा मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. बाकीच्यांसाठी काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, केस त्यात दाबा, वाळल्यावर अलगद उपटा. केसावरच्या खवल्यांचा ठसा मागे राहतो, त्यावरून जनावर ओळखा.

नुसती टक्केवारी मात्र फसवते. लहान जनावरात मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे त्याच्या विष्ठा जास्त पडतात. प्यूमासाठी 1984 साली मांडलेलं सूत्र असं: एका विष्ठेमागचं भक्ष्य (किलो) = 1.980 + 0.035 × भक्ष्याचं वजन. म्हणजे 30 किलोच्या जनावराची एक विष्ठा सुमारे 3 किलो खाल्लेलं भक्ष्य दाखवते, 200 किलोच्याची जवळजवळ 9 किलो. दोन किलोंखालच्या भक्ष्याला हे लावायचं नाही, आणि शिकारी कोल्हा असेल तरीही नाही.

मारलं की मेलेलं खाल्लं, हे विष्ठेतून क्वचितच कळतं. ताज्या विष्ठेच्या आत माशीच्या कोषांची टरफलं मिळाली तर सडकं खाल्ल्याचा संशय घ्या; वरून बसलेल्या माश्यांच्या अळ्या धरू नका. खरी उकल कलेवरापाशी होते. दातांच्या खुणांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल, तर चावा बसला तेव्हा जनावर जिवंत होतं. मांडीचं हाड फोडून मज्जा पाहा. धडधाकट प्रौढ जनावराची पांढुरकी आणि घट्ट असते. खंगलेल्याची लाल, थलथलीत. पिलांची मुळातच लाल असते, त्यांच्यावरून काही ठरवू नका. आणि नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त आलेलं दिसलं, तर सुरी खिशातच राहू द्या. काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. लांबूनच पशुवैद्यकाला कळवा.

साथ ओसरल्यावर चित्र पुन्हा पालटतं, आणि कसं पालटेल हे शिकाऱ्यावर अवलंबून असतं. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे संपले. कोल्हे व्होल या रानउंदरांकडे वळले आणि निभावले. बझर्ड या शिकारी पक्ष्यांच्या कित्येक जोड्यांनी 1955 मध्ये घरटीच केली नाहीत. आयबेरियन लिंक्स या रानमांजराची गोष्ट आणखी बिकट: त्याचं बहुतांश खाणं ससाच. 1980च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमध्ये सशांचा रक्तस्रावी रोग शिरला आणि आधीच मार खाल्लेला लिंक्स आणखी खचला. 2002 पर्यंत शंभरही प्रौढ उरले नव्हते. अशा प्राण्याच्या विष्ठेतलं सशाचं प्रमाण फारसं हलतच नाही, कारण ससा मिळाला नाही की तो दुसरं फारसं खात नाही, पिल्लं मात्र जगत नाहीत. तिथे टक्केवारी बाजूला ठेवून दर किलोमीटरला किती विष्ठा मिळाल्या आणि आईबरोबर किती पिल्लं दिसली, ते नोंदवा.

लांडगा किंवा वाघ असेल, तर गुरांचे आणि कुत्र्यांचे केस वेगळ्या रकान्यात मांडा. पण गुराचा केस मिळाला म्हणजे गोठ्यावर हल्ला झाला, असं लगेच लिहू नका. जवळपास मेलेली गुरं टाकण्याची जागा आहे का, ते आधी बघून या.