खालच्या लीगच्या मॅनेजरचं करिअर कसं वाचायचं (गॅरेथ एन्सवर्थ घेऊन बघू)

प्रीमियर लीग बघणाऱ्यांना एक सवय असते, मॅनेजरचं नाव आलं की विकिपीडिया उघडायचं आणि थेट खाली जाऊन विन पर्सेंटेज बघायचं. लीग वन, लीग टूमध्ये (इंग्लिश फुटबॉलचा तिसरा आणि चौथा स्तर) हे करू नका, हमखास फसाल. मी कसं बघतो ते सांगतो. उदाहरणाला गॅरेथ एन्सवर्थ, कारण माणूस आवडतो आपल्याला (लांब केस, लेदर जॅकेट, रॉक बँडमध्ये गातो, टचलाइनवर उभा असला की वाटतं मॅच संपली की हा परस्पर कॉन्सर्टला जाणार).

खेळाडू म्हणूनचं सगळं वाचत बसू नका. ब्लॅकबर्नचा, जन्म १९७३, विंगर, लिंकन, पोर्ट व्हेल, १९९८ला विम्बल्डनने २० लाख पाउंड मोजले, मग क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स). एवढं बास. नीट बघायचा तो शेवटचा क्लब. एन्सवर्थचा विकम. सप्टेंबर २०१२ला तिथल्या मॅनेजरला काढलं आणि टीमचा कारभार खेळत असलेल्या एन्सवर्थकडेच आला, म्हणजे काल ज्याच्या शेजारी बसून बूट बांधले त्यालाच आज बेंचवर बसवायचं.

मग क्लबच्या घरी काय परिस्थिती होती ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. विकम लीग टूमध्ये तळाजवळ, आणि क्लब त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने घेतलेला, म्हणजे खिशात किती ते कळलंच. पैसा नाही हे कुठे दिसतं? बेंचवर. डिसेंबर २०१५ला प्लिमथमध्ये विकमचा कीपर जखमी झाला आणि आत कोण आलं तर ४६ वर्षांचा गोलकीपिंग कोच बॅरी रिचर्डसन! क्लीन शीट (एकही गोल न खाता) ठेवून गेला पठ्ठ्या, विकम १-० जिंकलं.

पुढे सीझनचा शेवटचा दिवस शोधा. ३ मे २०१४, विकम ब्रिस्टल रोव्हर्सच्या ३ पॉइंट मागे, हरले तर १९९३ पासूनची फुटबॉल लीग (प्रीमियर लीगच्या खालचे तीन स्तर) सुटणार. टॉर्कीला जाऊन ३-० जिंकले, तिकडे रोव्हर्स मॅन्सफिल्डकडून घरच्या मैदानावर ०-१ हरले, आणि गोल डिफरन्सवर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) विकम वाचलं. विन पर्सेंटेजमध्ये हा एक साधा विजय, पण एन्सवर्थचं पुढचं सगळं करिअर या एका दुपारवर उभंय असं माझं मत.

आता कॅल्क्युलेटर घ्या, खरंच घ्या. २०२०च्या मार्चमध्ये कोविडने लीग वन थांबली तेव्हा विकम ८वं होतं, ३४ मॅचमध्ये ५९ पॉइंट. पीटरबराचेही ५९, पण ३५ मॅचमध्ये. मॅचमागे पॉइंट काढायचं ठरलं, ५९ भागिले ३४ म्हणजे १.७४, भागिले ३५ म्हणजे १.६९. विकम उडी मारून ३रं, पीटरबरा ६व्यावरून ७वं आणि प्लेऑफच्या (३ ते ६ नंबरच्या टीममध्ये वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅच) बाहेर. लोक याला नशीब म्हणतात, असेलही, पण प्लेऑफ तर खेळूनच जिंकायला लागतो ना, फ्लीटवुडला हरवलं, मग १३ जुलैला रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१, विकमच्या जेकबसनची पेनल्टी. विकम पहिल्यांदाच चॅम्पियनशिपमध्ये (प्रीमियर लीगच्या लगेच खालचा स्तर).

वर गेल्यावर घसरले तर लगेच नापास करू नका, किती अंतराने घसरले ते बघा. २०२०-२१ला पहिल्या ७ मॅच सलग हरलेली टीम शेवटी ४३ पॉइंटवर थांबली, डर्बी काउंटी ४४ वर वाचलं. आणि त्याच डर्बीचे पुढच्या सीझनला २१ पॉइंट कापले, त्यातले ९ हिशोबातल्या भानगडीसाठी. हेच एक वर्ष आधी झालं असतं तर विकम वाचलं असतं, विकमवाल्यांना अजून विचारू नका.

विकम सोडल्यानंतरचं वाचताना मात्र हात आखडता घ्या. फेब्रुवारी २०२३ला जुन्या क्यूपीआरला गेला, त्यांना खाली पडू दिलं नाही, ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली. मग श्रूजबरी, तिथून काही महिन्यांतच, मार्च २०२५ला, जिलिंगम. विकमच्या दहा वर्षांसारखा वेळ परत मिळालाच नाही, त्यामुळे तिथल्या आकड्यांवरून मी तरी काही ठरवत नाही.

आणि हे लाइव्ह फॉलो करायचं असेल तर शनिवारी तिकडचे दुपारचे ३ म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. टेबल दुसऱ्या टॅबमध्ये उघडं ठेवा, वरून नाही, खालून वाचायला घ्या.