विहीर भरली, पण दुष्काळ हटला का? मराठवाड्यासाठी दसऱ्याच्या तोंडावरचा सल्ला

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती. त्याच वर्षी पावसाळा सरताना मांजरा धरण भरलं आणि लोक उसाच्या बेण्याची चौकशी करू लागले. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके पुन्हा दुष्काळी जाहीर झाले. सलग कोरड्या वर्षांनंतर पाऊस झाला, की हे आठवावं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मावतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडकंच. चार दमदार पाऊस झाले की उथळ विहीर तुडुंब होते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. पाचशे फुटांचं बोअर तर एका पावसाळ्यात सावरेलच असं नाही. म्हणून विहीर किती भरली यापेक्षा पाऊस थांबल्यावर ती किती वेगाने उतरते, ते बघा. दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार चालू करण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतचे फूट मोजून मोटारीच्या खोलीत भिंतीवर लिहा. एकदा दोन-तीन तास उपसा करून बंद करा. दुसऱ्या सकाळी पाणी जुन्या खुणेवर आलं नाही, तर झरे अजून अशक्त आहेत असं समजा.

दिवाळीपर्यंतचे आकडे हाती येण्याआधी ऊस लावू नका. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, आपला सरासरी पाऊस सातशे-आठशेचा. (ऊसतोडीची टोळी मिळते, कारखाना जवळ आहे, हे सगळं मान्य. पण मे महिन्यात टँकर उसासाठी येत नाही.)

रब्बीचा निर्णय मात्र थांबवू नका, तो जमिनीतल्या ओलीवर घ्या. हात-दीड हात खड्डा करून तळाची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर वाफसा येताच, म्हणजे रान पेरणीजोगं ओलसर-भुसभुशीत होताच, ज्वारी, करडई ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका. भारी रानात हरभरा घ्या. विहिरीचं पाणी त्याला दोनदाच द्या, फुलोऱ्याआधी आणि घाटे भरताना.

मोसंबीची वाळलेली सल जिवंत भागापर्यंत छाटून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. दुष्काळाने खंगलेल्या झाडावर यंदा भरगच्च आंबे बहार (मोसंबीचा जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार) धरू नका, फळं कमीच ठेवा.